इंग्रजीच्या तासाला आमची माणसे का येत नाहीत?

(तृतीय वर्ष कला, इंग्रजी विशेष)

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आपल्या महाविद्यालयात 'स्पोकन इंग्लिश'चा वीस तासांचा वर्ग भरला होता आणि त्याच्या अखेरीस लुटुपुटूची मुलाखत ठेवली होती. तीन परीक्षक, एक टेबल, त्यावर निळे कापड आणि तांब्या-भांडे. माझा नंबर आला. आपल्या वैयक्तिक विकासात एखाद्या कोचचा किंवा मेंटॉरचा वाटा आहे काय, असा प्रश्न इंग्रजीतून विचारण्यात आला. मी मोठ्या आत्मविश्वासाने उत्तर दिले, "येस सर. आय वॉज इन अ कोचिंग क्लास फॉर टू इयर्स. मॅथ्स अँड सायन्स."

परीक्षक हसले. मागच्या बाकांवर वाट पाहत बसलेली मंडळी हसली. मीही हसले. अशा वेळी माणूस दुसरे काय करणार?

घरी जाताना मात्र विचार करू लागले, की माझे चुकले तरी काय? एस. टी. स्टँडपासून महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत चालत या. 'कोचिंग क्लासेस' अशा पाट्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतील. राजस्थानातल्या कोटा शहराचे नाव आज घरोघर ठाऊक आहे ते कोचिंगमुळेच. आपल्याकडे कोचिंग म्हणजे शिकवणी, नोट्स, सराव परीक्षा आणि हप्त्याहप्त्याने भरायची फी. परीक्षकांना अभिप्रेत असलेले कोचिंग वेगळे होते. एक माणूस दुसऱ्याशी बोलतो, त्याला प्रश्न विचारतो आणि त्याचे त्यालाच उत्तर सापडू देतो, असे ते कोचिंग. वीस तासांत आम्हाला हे कोणी सांगितले नव्हते. शब्दाचे स्पेलिंग तेवढे सांगितले होते.

मग ग्रंथालयात बसून थोडी शोधाशोध केली. 'कोच' हा शब्द हंगेरीतल्या कोच नावाच्या एका खेड्यावरून आला. तिथे चांगल्या घोडागाड्या बनत, म्हणून गाडीलाच ते नाव पडले. एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी परीक्षा पार करून देणाऱ्या खाजगी शिक्षकाला थट्टेने 'कोच' म्हणायला सुरुवात केली. हा आपल्याला गाडीत घालून पलीकडे नेऊन सोडतो, अशी त्यातली खोच. खेळाच्या मैदानावर हा शब्द पुढे आला. म्हणजे माझे उत्तर मुळाला धरूनच होते, हसणारेच अर्धवट! (परीक्षकांनी हे थट्टेवारी घ्यावे.) 'मेंटॉर' तर होमरच्या 'ओडिसी'मधले एक पात्र. युद्धावर निघालेला ओडिसियस आपले घर या मित्राच्या हवाली करतो. पुढे मुलाला, टेलेमॅकसला, खरी वाट दाखवते ती अथीना देवी, मेंटॉरचे रूप घेऊन. बिचाऱ्या मेंटॉरचे स्वतःचे कर्तृत्व फारसे नाहीच. १६९९ मध्ये फेनेलाँ या फ्रेंच लेखकाने टेलेमॅकसवर कादंबरी लिहिली, ती युरोपभर वाचली गेली आणि शहाणा वाटाड्या या अर्थाने तो शब्द रुळला.

ही माहिती मनोरंजक खरीच. पण तिने माझी अडचण सुटत नव्हती. माझ्या आधीच्या आणि नंतरच्या मुलांची उत्तरे आठवून पाहिली. बहुतेकांचे मेंटॉर डॉ. अब्दुल कलाम होते. दोघांचे स्वामी विवेकानंद. एकाचा विराट कोहली. या थोर व्यक्तींविषयी मला आदरच आहे. परंतु त्यांच्यापैकी कोणीही आमच्या वर्गातल्या कोणाला कधी भेटलेले नाही. "माय स्ट्रेंथ इज हार्ड वर्क, माय वीकनेस इज आय ट्रस्ट पीपल टू मच" हे वाक्य तर त्या दिवशी इतक्यांदा कानी पडले, की खिडकीत बसलेल्या कबुतरालाही ते पाठ झाले असावे. कुणा अनोळखी माणसाने लिहिलेला वैयक्तिक विकास आम्ही सर्वांनी सामुदायिकपणे घोकला होता.

इथे एक तक्रार मांडते. वर्गमैत्रिणीची परवानगी घेऊन मांडते. नाव तिचे नको आणि वर्ग घेणाऱ्या गृहस्थांचेही नको.

ही मुलगी रोज बसने बावीस किलोमीटर येते. घरी तिच्या आत्याची पिठाची गिरणी आहे. वीस तासांपैकी नवव्या की दहाव्या तासाला 'माय मेंटॉर' या विषयावर पाच वाक्ये बोलायची होती. ती उभी राहिली आणि म्हणाली, "माय आत्या हॅज अ फ्लोअर मिल. शी गेव्ह मी की ऑफ शटर." तिसऱ्या वाक्याला तिला थांबवण्यात आले. व्याकरणासाठी थांबवले असते तरी चालले असते. "समबडी इन्स्पिरेशनल घ्या. किरण बेदी घ्या," असे सांगण्यात आले. ती खाली बसली. पुढच्या तासाला तिने किरण बेदी यांच्यावर पाच वाक्ये न अडखळता म्हटली आणि तिला 'गुड' मिळाले.

शटरची किल्ली ही काय चीज आहे हे ज्याने गिरणी पाहिली आहे त्यालाच कळेल. जात्याचे दगड किती जवळ आणायचे, गव्हानंतर बाजरी टाकण्यापूर्वी काय करायचे, पट्टा सैल झाला की आवाज कसा बदलतो, हे सारे त्या आत्याने तिला दोन वर्षे नुसते बघू दिले होते. मग एके दिवशी काही न बोलता किल्ली हातात दिली आणि स्वतः बाजाराला निघून गेली. दहावीतल्या मुलीच्या हातात! मेंटॉरिंग या विषयावर इंग्रजीत ग्रंथ लिहिले गेले आहेत. त्यांचे सार या किल्लीत नाही काय?

सुदैवाने कथा इथे संपली नाही. जानेवारीत आमच्या नेहमीच्या इंग्रजीच्या मॅडमनी हाच विषय पुन्हा काढला. त्यांनी फळ्यावर फक्त दोन क्रियापदे लिहिली : 'मेड' आणि 'लेट'. मग मराठीत म्हणाल्या, "तुमच्याकडून कुणी काय करवून घेतलं, आणि तुम्हाला कुणी काय करू दिलं, ते सांगा."

मला तो तास विसरणे शक्य नाही. करवून घेणे आणि करू देणे! हा भेद आपण बोलायला शिकलो तेव्हापासून आपल्या तोंडात आहे. 'आजीने माझ्याकडून पाढे पाठ करवून घेतले.' 'दादाने मला ट्रॅक्टर चालवू दिला.' इंग्रजीत पहिल्याला 'मेड मी', दुसऱ्याला 'लेट मी'. आणि दोन्हींच्या पुढे 'टु' येत नाही. 'मेड मी टु लर्न' ही आमची पिढीजात चूक त्या एका तासात निम्म्या वर्गाची सुटली. शिवाय ज्या दोन शब्दांवरून माझे हसे झाले होते त्यांच्यातले अंतरही पुष्कळसे उलगडले. मैदानावरचा कोच मुख्यतः करवून घेणारा. मेंटॉर मुख्यतः करू देणारा.

उदाहरणे आपल्याकडे काय कमी आहेत? रमाकांत आचरेकर सर शिवाजी पार्कवर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. सचिनला जो बाद करील त्याचे ते नाणे. सचिन नाबाद राहिला तर नाणे सचिनचे. हे करवून घेणे झाले. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर निरोपाचे भाषण करताना तेंडुलकर यांनी सांगितले, की सरांनी त्यांना कधी 'वेल प्लेड' म्हटले नाही. शिष्य आत्मसंतुष्ट होईल अशी सरांना धास्ती होती. आता कृष्णराव अर्जुन केळुसकर पाहा. शाळकरी भीमरावांना त्यांनी वर्गात बसवून शिकवले असे नाही. सत्कारसभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हातात ठेवले आणि पुढे कॉलेजच्या शिक्षणाचा प्रश्न आला तेव्हा सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीसाठी शब्द टाकला. एक पुस्तक आणि एक उघडलेले दार. त्या पुस्तकाचे पुढे काय झाले ते १९५६ साली नागपुरास साऱ्या जगाने पाहिले. आणि रमाबाई रानडे? न्यायमूर्तींनी पत्नीला आधी मराठी आणि मग इंग्रजी शिकवले, तेही घरातल्या बायकांची बोलणी चालू असताना. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत रमाबाईंनी हे सविस्तर लिहिले आहे. इथे करवून घेणेही आहे, करू देणेही आहे आणि शिकणारीला घरात मोजावी लागलेली किंमतही आहे. इंग्रजीतल्या चर्चेला याहून चांगला विषय कोणता? 'वॉज रानडे अ कोच ऑर अ मेंटॉर?' असे विचारून वर्गाचे दोन पक्ष पाडून पाहा. सबंध तास पुरणार नाही.

व्याकरणाचा आणखी एक धागा इथे सांगण्यासारखा आहे. वैयक्तिक विकास म्हणजे काय, तर आधी एक होते, आता दुसरे आहे. मराठीत 'मी घाबरायचे' म्हटले, की आता घाबरत नाही हे न सांगता कळते. इंग्रजीतले 'यूस्ड टु' दुसरे काय सांगते? पण पुस्तकात 'यूस्ड टु'चे उदाहरण असते लंडनला राहणाऱ्या कोणा जॉनचे. तो पूर्वी सिगारेट ओढायचा. ओढेना का! 'मी पूर्वी बँकेत स्लिप भरायला घाबरायचे' हे वाक्य जिचे आहे ती ते कधी विसरणार नाही.

दुसरी अडचण मात्र शब्दांची नाही, स्वभावाची आहे आणि ती आमच्या प्राध्यापकांनी समजून घ्यावी अशी नम्र विनंती. मराठीत आपण स्वतःविषयी बोलताना बहुधा कर्तेपण अंगावर घेत नाही. 'मला जमलं', 'मला सुचलं', 'माझ्याकडून झालं नाही'. गोष्टी जणू आपल्याकडे येतात आणि जातात. इंग्रजी दर वाक्याला 'आय' मागते. 'आय अचीव्ह्ड', 'आय ओव्हरकेम', 'माय स्ट्रेंथ्स आर'. स्वतःची स्तुती स्वतः करू नये असे ज्या मुलाला घरी शिकवले आहे त्याच्या घशात हा 'आय' अडकतो आणि तो निमूटपणे गाइडमधले वाक्य म्हणतो. त्याला 'तुला आत्मविश्वास नाही' म्हणणे अन्यायाचे आहे. 'मला जमलं' याला 'आय मॅनेज्ड टु डू इट' हे बऱ्यापैकी नम्र इंग्रजी आहे, एवढे जरी सांगितले तरी पुष्कळ मुले बोलू लागतील.

उलट एका बाबतीत इंग्रजीचे उपकारही मानले पाहिजेत. तू, तुम्ही, आपण या साऱ्यांना तिच्यात एकच 'यू'. त्या जानेवारीच्या तासाला गिरणीवाल्या आत्याची भाची चारेक मिनिटे बोलली. किल्लीचे झाले, बाजरीचे झाले. मॅडमनी विचारले, "अँड नाऊ? व्हॉट डज शी वॉन्ट यू टु डू?" ती थोडी थांबली आणि म्हणाली, "शी वॉन्ट्स मी टु लीव्ह कॉलेज अँड रन द मिल. आय डोन्ट अग्री."

वर्ग गप्प झाला. आम्ही अडीच वर्षे एका बाकावर बसतो. हे तिने मला कधी सांगितले नव्हते. आत्याविरुद्ध मराठीत वाक्य उच्चारायचे तर आधी आत्याला हाक मारावी लागते आणि हाक मारली की पुढचे वाक्य उरत नाही. इंग्रजीत तिला ते तीन शब्दांत सांगता आले. मेंटॉरविषयीच्या कुठल्याही पाठात 'आय डोन्ट अग्री' हे वाक्य मी पाहिलेले नाही. तिथे मेंटॉर सदैव बरोबर असतो आणि विद्यार्थी सदैव कृतज्ञ. मॅडमनी त्यावर उपदेश केला नाही. "हॅव यू टोल्ड हर?" एवढेच विचारले. तिच्या घरी पुढे काय झाले ते इथे लिहिण्याचा अधिकार मला नाही.

मॅडमच्या त्या प्रश्नाविषयी मी पुष्कळ विचार केला. शाळेपासून आजवर वर्गात मला हजारो प्रश्न विचारले गेले असतील. त्या प्रत्येकाचे उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक होते. 'हॅव यू टोल्ड हर?' याचे उत्तर मॅडमना ठाऊक नव्हते. भाषा शिकण्यासाठी असे प्रश्न लागतात आणि नव्या अर्थाच्या कोचिंगमध्येही तेच लागतात, हे माझ्या वाचनात आले तेव्हा गंमत वाटली. टिमथी गॉलवे नावाच्या टेनिस शिक्षकाने १९७४ साली एक पुस्तक लिहिले. खेळाडूला मनगट असे धर, पाय तसा टाक म्हणत राहिले की तो अधिकच अवघडतो, असे त्याच्या ध्यानात आले. म्हणून तो खेळाडूला चेंडू जमिनीवर आपटला की 'बाउन्स' आणि रॅकेटला लागला की 'हिट' एवढेच म्हणायला लावी. लक्ष चेंडूवर गेले की भीती आपोआप मागे पडे. पुढे १९९२ मध्ये जॉन व्हिटमोर यांनी हीच दृष्टी कचेऱ्यांत नेली : ध्येय काय, सध्या कुठे आहात, मार्ग कोणते, आणि त्यातले काय करणार, हे विचारायचे, सांगायचे नाही. आमचा चेंडू म्हणजे गिरणीची किल्ली. तिच्याकडे पाहत बोलताना माझ्या मैत्रिणीने 'द' गाळला आणि एकदा 'शी गो' म्हणाली. पण ती घाबरली नाही.

आता 'मेंटॉर-मेंटी' फाइलविषयी दोन शब्द. नॅकच्या मूल्यांकनात प्राध्यापकामागे किती विद्यार्थी मार्गदर्शनाला आहेत हे दाखवावे लागते, म्हणून दरवर्षी आम्ही एक छापील फॉर्म भरतो. सामर्थ्य, उणिवा, ध्येय, सही. उणिवांच्या रकान्यात वर्गातल्या जवळजवळ सर्वांनी 'इंग्लिश' लिहिले आहे, हे मी गठ्ठा पोचवताना पाहिले. दोष प्राध्यापकांचा आहे असे मी म्हणणार नाही. आमच्यापैकी कित्येकांचे मेंटॉर तासिका तत्त्वावर काम करतात. पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी आमच्या पाच वर्षांनंतरच्या ध्येयाची नोंद करायची! एका सरांनी मला फॉर्म परत देताना हसून म्हटले, "हा रकाना मलाही भरायला आवडला असता." तेवढे एक वाक्य मला साऱ्या फॉर्मपेक्षा मोलाचे वाटते.

काही मित्र म्हणतात, हे सारे ठीक. पण नोकरीच्या मुलाखतीत गिरणी नि किल्ली चालत नाही, तिथे तयार उत्तर लागते. नोकरी मलाही हवी आहे. दोन बहिणी मागे आहेत, हे नाकबूल करून कसे चालेल? पण डिसेंबरातल्या त्या लुटुपुटूच्या मुलाखतीतच मी एक पाहिले. कलामसाहेबांचे नाव घेणाऱ्या एका मुलाला परीक्षकांनी सहज विचारले, "व्हॉट डिड यू चेंज इन युवर लाइफ बिकॉज ऑफ हिम?" पुढचे वाक्य गाइडमध्ये नव्हते. तो छताच्या पंख्याकडे पाहत राहिला. दुसरा प्रश्न येतोच आणि तो आपल्याच आयुष्याविषयी असतो.

म्हणून इंग्रजी विभागाकडे माझे मागणे फार मोठे नाही. पुढच्या वर्षी वीस तासांपैकी निदान सहा तास तरी आमची माणसे वर्गात येऊ द्यावीत : आत्या, कबड्डीचे सर, शेजारचा पंक्चरवाला, वसतिगृहातली मोठी ताई. त्यांच्याशी न पटलेले मुद्देही येऊ द्यावेत. चुका शेवटी सांगाव्यात. एखादा शब्द मराठीतून आला तर त्याला दाराबाहेर उभे करू नये.

मला हे सुचले ते माझ्याच फजितीतून. फेब्रुवारीत माझी पाळी पुन्हा आली, तेव्हा मी मोठ्या बहिणीविषयी बोलले. तिने मला शिवणकाम शिकवले. कटिंगपासून कॉलर लावण्यापर्यंत सारे, हातचे काही न राखता. हे शेवटचे इंग्रजीत म्हणायचे होते आणि मी अडले. 'हातचं न राखता' याला काय म्हणायचे? मी मॅडमकडे पाहिले. मॅडम म्हणाल्या, "वर्गाला विचारू." एक जण म्हणाला, 'विदाउट हायडिंग'. गिरणीवाली म्हणाली, 'शी केप्ट नथिंग इन हर हँड'. मागून कुणीतरी ओरडले, "अगं, मग हात रिकामा झाला की!" मॅडमनी 'विदाउट होल्डिंग एनिथिंग बॅक' असे फळ्यावर लिहिले. पण 'इन हर हँड'च अधिक बरोबर आहे असे निम्म्या वर्गाचे मत पडले आणि वाद रंगात आला असतानाच घंटा झाली.